तिसरी कडी

१

जुन्या मोहल्ल्यातून पाहुण्यांना पायी फिरवून आणणं हे माझं काम. हौदाकाठच्या तुतींखाली मंडळी जमली, चहा झाला, की मी त्यांना घेऊन बुखाऱ्याच्या मागच्या बोळांत शिरते. मिनार आणि मदरसे ते चित्रांत बघूनच आलेले असतात. मी त्यांना दारं दाखवते.

आमच्याकडे जुन्या दाराला दोन कड्या असतात. उजवीकडची जाड, ती पुरुषांनी वाजवायची. डावीकडची बारीक, ती बायकांनी. आवाजावरून आतल्यांना कळतं कोण आलंय, आणि तसा घरातला बाप्या उठतो किंवा बाई उठते. मी पाहुण्यांना पाठमोरं उभं करून एक कडी वाजवते आणि ओळखायला लावते. सगळ्यांना मजा वाटते. दारामागच्या माणसांना वाटत नाही.

"ओयनिसो, तुझ्यापायी कणकेच्या हातांनी उठावं लागतं मला," मोहल्ल्यातली इबोदतखाला करवादायची. "पाहुणे तुझे, आणि गुडघे माझे."

त्या वर्षी वसंतात माझा धाकटा भाऊ मुहसिन रशियातून कायमचा परत आला. बरीच वर्षं तिकडे इमारतींवर राबला आणि शेवटी पाठ गमावून बसला. ओझं उचलायचं काम आता त्याला होणार नव्हतं, म्हणून मी त्याला माझ्याबरोबर घेतलं. मी पुढे, तो सगळ्यांच्या मागे. बोळात कोणी रेंगाळून हरवू नये एवढंच त्याने बघायचं. लहानपणी हेच बोळ आम्ही दोघांनी अनवाणी तुडवले होते. आता त्याला वळणं आठवत नव्हती. कोपऱ्याकोपऱ्यावर थांबायचा आणि विचारायचा, "आपा, इथे न्हावी बसायचा ना?"

बसायचा. तो वारला होता. मुहसिन नसताना बरेच जण वारले होते.

आमचे वडीलही. त्यांना आम्ही आदा म्हणायचो. ते गेले तेव्हा मुहसिनचे कागद तिकडच्या कुठल्याशा कचेरीत अडकले होते आणि तो पोचू शकला नाही. आमच्यात बाप गेला की मुलगा कंबर बांधून, काठी टेकून दारात उभा राहतो. येणारा प्रत्येक माणूस त्याच्या गळ्यात पडतो. आमच्या दारात काठी टेकून चुलतभाऊ उभा राहिला. जनाज्याला खांदाही त्यानेच दिला.

मुहसिन याबद्दल कधीच काही बोलत नसे. घरात तर नाहीच.

२

रंगाऱ्यांचा बोळ पुढे बंद होतो. शेवटी मातीची उंच भिंत, आणि तिच्या अलीकडे डाव्या हाताला एक कोरीव दार. हे दार कोणी वापरत नाही, म्हणून मी माझा कड्यांचा खेळ शेवटी तिथे करते. निदान कोणाला उठावं लागत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडी एका दुपारी माझ्याबरोबर रिगाहून आलेली काही मंडळी होती. मी दोन्ही कड्या वाजवून दाखवल्या, नेहमीचं बोलून झालं, नेहमीचं हसून झालं. त्यातली एक म्हातारी बाई चष्मा सावरत पुढे झाली.

"आणि ही कोणासाठी?"

दोन कड्यांच्या खाली, दोन्ही फळ्या जिथे मिळतात तिथे, तिसरी कडी होती.

त्या दारावर हात ठेवून मी इतकी वर्षं बोलत आले होते. पहिल्यांदा मनात आलं, कोणी तरी नवी ठोकली असेल. पण लोखंड काळं पडून गुळगुळीत झालं होतं, आणि तिच्याखालचं लाकूड पिढ्यान्‌पिढ्या आपटून खोलगट झालं होतं. तेवढा खळगा इतर दोन कड्यांखालीही नव्हता.

मागून मुहसिन म्हणाला, "एक पुरुषांची, एक बायकांची. तिसरी सासूबाईंची." मी ते रशियनमध्ये सांगितलं. सगळे हसले. मुहसिन गर्दीतून पुढे आला आणि ती कडी उचलून त्याने दारावर आपटली.

आवाज झाला नाही. म्हणजे जिथे आम्ही उभे होतो तिथे झाला नाही. कापसाच्या गादीवर मारावं तशी ती कडी लाकडावर पडली. आणि मग आत, फार आत, कुठेतरी ठक्क झालं. मोठ्या रिकाम्या मैदानाच्या पलीकडच्या टोकाला कोणी दार वाजवावं, तितक्या लांब.

पाहुणे आधीच वळले होते, फोटो काढत होते. मी आणि मुहसिन तिथेच उभे राहिलो. थोड्या वेळाने आतून पावलं ऐकू येऊ लागली. कोणीतरी दार उघडायला निघालं होतं. चालत होतं, चालतच होतं, आणि पावलांचा आवाज काही वाढत नव्हता.

"केवढं मोठं घर आहे," मुहसिन म्हणाला.

ते घर इबोदतखालाचं; तिचं वापरातलं दार मागच्या बोळात. मी त्यात शेकडो वेळा गेले आहे. दोन खोल्या आणि एक अंगण.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या बोळातून खालाकडे गेले. ती तंदूरमधून नान काढत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, त्या जुन्या दाराच्या मागे काय आहे.

"भिंत," ती म्हणाली. "माझ्या लग्नाआधीच विटांनी बुजवलंय. सासरे म्हणायचे वारं येतं."

तिने मला आतली भिंत दाखवली. भिंतीला टेकून रजयांची चळत रचली होती. मी रजया बाजूला करून कान लावला. पलीकडे काही नव्हतं.

"दार आणि विटांच्या मध्ये किती जागा असेल, खाला?"

"तळहात शिरेल. उंदीर तर नाहीत ना ग?"

मी तिला ओढतच पुढच्या बोळात आणलं. ती तिसऱ्या कडीकडे बराच वेळ बघत राहिली. पदराने तोंड पुसावं तसं तिने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने तोंड पुसलं.

"असेल बाई," ती म्हणाली. "आपलं दार आपण कुठे बाहेरून बघतो."

ती गेल्यावर मी एकटीच थांबले. दाराला कान लावायची गरज पडली नाही. पावलं चालूच होती. रात्रभर चालत आली असावीत. कालच्यापेक्षा थोडी जवळ होती, थोडीशीच, आणि त्यांचा ठेका जराही बदललेला नव्हता. माणूस चालताना दमतो, थांबतो, पाय बदलतो. हे दमत नव्हतं.

मी स्वतःला समजावलं. जुन्या मातीच्या भिंती उन्हाने तडकतात. कुठेतरी नळ ठिबकत असेल. शहाण्या माणसाला सुचेल ते सगळं मी स्वतःला सांगितलं. त्या दिवसापासून पाहुण्यांना त्या बोळात नेणं मात्र बंद केलं.

४

मुहसिनने जाणं बंद केलं नाही.

तो जेवून उठायचा आणि जायचा. दोन-तीन दिवसांनी मी किटलीत हिरवा चहा घेऊन त्याच्या मागोमाग गेले. तो उंबऱ्यावर दाराला पाठ टेकून बसला होता, तिकडे रशियात मजूर भिंतीला टेकून बसतात तसा. पियाला हातात घेऊन म्हणाला, "आपा, रागावणार नसशील तर सांगतो. ही चाल आदांची आहे."

"आदांची चाल अशी नव्हती."

"रबरी जोडे घातल्यावर अशीच होती. पाय जरा घासत चालायचे. पहाटे मशिदीतून यायचे तेव्हा मी रजईत पडून ऐकायचो."

मी ऐकलं. पावलं थांबली होती.

तो बोलत होता तोवर ती थांबलेलीच राहिली. तो बोलायचा थांबला आणि ती पुन्हा सुरू झाली. आता पाय जरा घासत होता.

मुहसिनचं लक्ष नव्हतं. त्याचे डोळे मिटलेले होते, आणि परत आल्यापासून पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर कसली तरी शांतता दिसत होती. घरात कधी न बोललेलं तो तिथे घडाघडा बोलला. आदा दारात आले की आधी घसा साफ करायचे, एकदा मोठ्याने आणि एकदा हळू, म्हणजे आत कोणी परकी बाई असेल तर तिने सावरून बसावं. हिवाळ्यात कापूस भरलेला हिरवा झगा घालायचे. झग्याला जिऱ्याचा वास यायचा, कारण खिशात कायम जिरं असायचं.

दुसऱ्या दिवशी दाराच्या आत कोणीतरी घसा साफ केला. एकदा मोठ्याने, एकदा हळू.

मुहसिन रडला. लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. मी त्याचा दंड धरून त्याला बोळाच्या तोंडापर्यंत ओढत नेलं.

"ते तूच त्याला सांगितलंस," मी म्हणाले. "काल तू सांगितलंस, आज त्याने केलं. तू बोलतोस तेव्हा ते थांबतं, मुहसिन. ऐकायला थांबतं."

"ते म्हणजे कोण?"

"मला माहीत नाही."

"तुला माहीत नाही," तो म्हणाला. "मग मला जे माहीत आहे ते मला राहू दे. तू त्यांना न्हाऊ घातलेलं पाहिलंस. तुला त्यांचं गरम पाणी आठवतं, त्यांचं कफन आठवतं. मला एक फोन आठवतो."



५

मग मी ती गोष्ट केली. मला वाटलं, त्याच्या डोळ्यांसमोर एकदा खोटं पकडून दिलं की तो सुटेल.

मी त्याच्याबरोबर गेले, उंबऱ्यावर बसले, आणि तो बोळाच्या तोंडाशी पाणी आणायला गेला असताना दाराकडे तोंड करून म्हणाले, "आदांची काठी केवढी वाजायची, नाही? दोन पावलं टाकली की एकदा टेकायची."

आदांनी आयुष्यात काठी धरली नाही. सत्तरी उलटली तरी ताठ चालायचे. काठी हा शब्द माझ्या तोंडी कुठून आला ते मला माहीत आहे. आमच्या दारात चुलतभाऊ टेकून उभा होता ती काठी माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हती.

पावलं थांबली होती. मी बोलायची थांबले आणि ती निघाली. एक, दोन, आणि मग ठक्क.

मुहसिन पाण्याची बाटली घेऊन आला आणि जागच्या जागी उभा राहिला.

"ऐकलंस?" मी म्हणाले. "काठी. आत्ता, तू नसताना मी सांगितली. मुद्दाम खोटी सांगितली. आदांकडे काठी होती का कधी? सांग. होती का?"

माझा आवाज भिंतींवर आपटून परत येत होता. तो दाराकडे बघत होता. त्याच्या ओठांची कड हलली.

"शेवटी शेवटी घेतली असेल," तो म्हणाला.

"मी इथे होते, मुहसिन. मी सांगतेय ना."

"तू मला वाईट वाटू नये म्हणून सांगतेस. फोनवरही तेच सांगायचीस. ठणठणीत आहेत, ताठ चालतात." तो खाली बसला आणि त्याने दाराच्या लाकडावर हात ठेवला. "किती दमले असतील. इतक्या लांबून, काठी टेकत."

त्यानंतर तो माझ्याशी बोलेनासा झाला. रागाने नाही. त्याला माझी गरज उरली नव्हती, एवढंच. रात्री घरी यायचा, आईच्या पायाशी झोपायचा, सकाळी निघून जायचा. आईचे गुडघे गेल्यामुळे ती अंगणाबाहेर पडत नसे. तिला वाटायचं तो माझ्याबरोबर कामाला जातो. "पोरगा सुधारला," ती म्हणायची. "झोपेत हसतो आता."

६

शरदात डाळिंबं आली तेव्हाची गोष्ट. ऊन अजून कडक होतं. माझे पाहुणे हौदाकाठी चहा पीत बसले होते आणि मला एकाएकी जाणवलं की आज तिकडे गेलं पाहिजे. कसं जाणवलं ते सांगता येणार नाही. मी त्यांना तसंच सोडून निघाले. बोळातून पळताना मला माझीच पावलं ऐकू येत होती आणि ती मला आवडत नव्हती.

रंगाऱ्यांच्या बोळात वळले. दार उघडं होतं.

विटा दिसत नव्हत्या. अंधार होता, आणि तो खोलीचा अंधार नव्हता; आत गार जमीन लांबवर पसरली असावी असं वारं त्यातून येत होतं. वाऱ्याला जिऱ्याचा वास होता. मुहसिन उंबऱ्यासमोर वाकून उभा होता. उजवा हात छातीवर, मान खाली, बापासमोर मुलाने उभं राहावं तसा.

त्याच्यापुढे हिरव्या झग्यातलं कोणी तरी होतं. आदांच्या उंचीचं, आदांच्या खांद्यांचं. काठी होती. पण झग्यातल्या त्या हाताने ती मधोमध धरली होती, सगळ्या बोटांनी, आडवी. ज्याने काठी फक्त ऐकली आहे, हातात धरलेली कधी पाहिली नाही, अशा कोणी धरावी तशी. कारण काठी वाजायची एवढंच मी सांगितलं होतं. धरायची कशी ते सांगितलं नव्हतं.

मग मी नजर वर नेली.

मुहसिनने इतक्या दिवसांत चाल सांगितली होती, घसा सांगितला होता, झगा सांगितला होता. चेहऱ्याबद्दल तो कधी बोलला नव्हता.

मी ओरडले असेन. मला फक्त आठवतं की मुहसिनने मान वर केली नाही. "चला, आदा," तो म्हणाला. मवाळ आवाजात, म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडायला मदत करावी तसा. त्याने झग्याची बाही धरली आणि उंबरा ओलांडला.

मी दारापर्यंत पोचले तेव्हा ते बंद होतं. मी तिन्ही कड्या वाजवल्या. दोन इथे वाजल्या. तिसरी तिकडे वाजली, आणि तिच्या उत्तरादाखल दोघांची पावलं ऐकू आली. लांब जाणारी. एकाच्या पावलांत काठी होती. दुसरा पाठ दुखणाऱ्या माणसासारखा एक पाय सांभाळून टाकत होता.

पोलीस आले. त्यांनी दार उचकटलं, मागच्या विटा ठोकून पाहिल्या आणि दार परत बसवून दिलं. पलीकडून इबोदतखाला शिव्या देत होती. एका अधिकाऱ्याने मला सावलीत बसवलं आणि समजुतीने म्हणाला, "आपा, तिकडे राहून आलेल्या पोरांचं इथे मन लागत नाही. परत निघून गेला असेल." मुहसिनचा पासपोर्ट घरी आईच्या पेटीत होता. ते मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, हल्ली पासपोर्टाशिवायही जातात.

७

हिवाळाभर मी रोज तिथे जाऊन उभी राहायचे. पावलं आठवडा-दोन आठवडे ऐकू आली, मग कान ताणून, मग तीही नाहीत. मी तिथे कधी तोंड उघडलं नाही. त्याचं नाव घेतलं नाही, रडलेही नाही, कारण रडताना माणूस काहीबाही बोलतं. घरीसुद्धा मी त्याच्याबद्दल बोलत नसे. आईला मी निर्दय वाटायला लागले.

तिला मी काय सांगणार होते? मुलाची आठवण काढू नकोस?

मी तिला फक्त एवढंच सांगितलं होतं की तो परत गेला, कळवेल. पण मोहल्ल्यात कोणाच्या तोंडाला झाकण नसतं. कोणीतरी तिला सांगितलं की शेवटी शेवटी मुहसिन रंगाऱ्यांच्या बोळात बसून असायचा.

वसंताची पहिली उबदार दुपार होती. मी नान घेऊन घरी आले तर अंगणातला तिचा पाट रिकामा. शेजारीण म्हणाली, भिंत धरत धरत गेली, मी म्हटलं बरोबर येऊ का, तर नको म्हणाली.

ती उंबऱ्यावर बसली होती, दाराला पाठ टेकून, मुहसिन बसायचा तशीच. तिचे दोन्ही हात मांडीवर होते आणि ती बोलत होती. किती वेळ बोलत होती कोणास ठाऊक. मी वळणावरून ऐकलं ते असं:

"...आणि पाठ दुखली तरी सांगणार नाही. लहानपणापासून तसाच. पडला, गुडघा फुटला, तर आधी मातीला मारायचा, मग रडायचा. नानची कड खायचा आणि मधलं मला ठेवायचा. म्हणायचा, तुला दात नाहीत. तेव्हा होते मला दात."

ती स्वतःशीच हसली.

"आई, ऊठ," मी म्हणाले. "घरी चल."

"थांब जरा. बस इथे." तिने माझा हात धरून मला खाली ओढलं. तिचा चेहरा उजळला होता. आदा गेल्यापासून तो मी तसा पाहिला नव्हता. "ऐक ना. तुला ऐकू येतं का ग? मला वाटलं माझे कानच वाजतात."

येत होतं. लांब, अगदी लांब. एक पाय सांभाळून टाकणारं कोणी तरी. ते तोच असेल, असंही माझ्या मनात आलं. तोच परत निघाला असेल. तसं समजायला माझ्याकडे काही कारण नव्हतं, आणि न समजायला पुष्कळ होती, तरी मी तिथून उठू शकले नाही.

"आई, इथे त्याच्याबद्दल बोलू नकोस. मी पाया पडते तुझ्या."

"मग कुठे बोलू? तू घरात बोलू देत नाहीस."

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. तिने तो हळूच काढला आणि आपल्या मांडीवर दोन्ही हातांत धरून ठेवला. हात गरम होते. मग तिने दाराकडे मान वळवली, जसं काही तो अगदी जवळ बसलाय आणि त्याला ऐकू जायला हवं.

"रूप मात्र माझ्या भावाचं घेतलं त्याने," ती म्हणाली. "भुवया जुळलेल्या. डोळे..."

आत पावलं थांबली.